एचकेयूएसटी-१: कोरडी असेपर्यंत गुणी

प्रयोगशाळांना तयार मिळणाऱ्या मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क (धातूचे आयन आणि सेंद्रिय रेणू यांची सच्छिद्र जाळी) पुडींपैकी एचकेयूएसटी-१ ही सर्वांत परिचित पुडींत मोडते. हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातून १९९९ साली जगापुढे आलेल्या या पदार्थात तांब्याच्या आयनांच्या जोड्या ट्रायमेसिक आम्लाच्या रेणूंनी सांधलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये सुमारे ०.९ नॅनोमीटर रुंदीच्या पोकळ्या राहतात.

बाटलीवर छापलेल्या पृष्ठफळाने (पोकळ्यांच्या आतल्या भिंतींसह पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाने) मात्र हुरळून जाऊ नये. चांगल्या नमुन्यात ते ग्रॅममागे १५०० चौरस मीटरच्या पुढे जाते हे खरे, पण पोकळ्यांत अडकलेले पाणी आणि विद्रावक पूर्णपणे बाहेर पडल्यानंतरच. ओलावा धरलेली पूड फिकट आकाशी दिसते. निर्वातात १५० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत सावकाश तापवली की ती गडद जांभळट निळी होते. हा रंगबदल म्हणजे कोणत्याही उपकरणाविना होणारी चाचणी आहे, आणि मला या उत्पादनातली ती सर्वांत उपयुक्त गोष्ट वाटते.

खोलीच्या तापमानाला आणि एक वातावरण दाबाखाली शुद्ध कार्बन डायऑक्साइड दिल्यास ग्रॅममागे साधारण ४ ते ५ मिलिमोल धरला जातो. परंतु कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राच्या धुरात हा वायू १०-१५ टक्केच असतो, आणि इतक्या कमी आंशिक दाबाला (मिश्रणातल्या त्या वायूच्या वाट्याच्या दाबाला) झिओलाइट १३एक्स हे जुने, स्वस्त सच्छिद्र अॅल्युमिनोसिलिकेट एचकेयूएसटी-१ला सहज मागे टाकते. त्यात धूर दमट असतो. पाणी आधी तांब्याच्या आयनांवरच्या, तापवल्यावर रिकाम्या झालेल्या मोकळ्या जागा अडवते आणि पुढे तांबे-कार्बोक्झिलेट बंधच, म्हणजे तांबे आणि ट्रायमेसिक आम्ल यांना जोडणारे बंध, तोडू लागते. पाण्याने १३एक्सचेही काम बिघडते, पण ते तापवून पुन्हा वापरता येते. इथे मोडलेली जाळी तापवून परत उभी राहत नाही. दमट हवेत टिकणारी झिफ-८ (जस्ताची दुसरी मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क) घ्यावी, तर ती कार्बन डायऑक्साइड फारच थोडा धरते.

उत्प्रेरक म्हणून एचकेयूएसटी-१बद्दल माझे मत बरेच अनुकूल आहे. तांब्याच्या त्याच मोकळ्या जागा लुईस आम्लाचे (इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणाऱ्या पदार्थाचे) काम करतात आणि बेन्झाल्डिहाइडच्या सायनोसिलिलेशनसारख्या (सायनाइड आणि सिलिल गट जोडणाऱ्या) अभिक्रिया नीट पुढे नेतात. अट एवढीच, की विद्रावक तांब्याला चिकटणारा नसावा. टेट्राहायड्रोफ्युरान किंवा मिथेनॉल वापरले तर सक्रिय जागा त्यांनीच भरतात. मोठे रेणू पोकळीत शिरत नाहीत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत केवळ कणांचा बाह्य पृष्ठभाग कामी येतो. अभिक्रिया गरम असतानाच पूड गाळून काढावी आणि उरलेल्या द्रवात ती पुढे सरकते का ते पाहावे. सरकत असेल, तर तांबे द्रावणात उतरले आहे असा संशय घ्यावा.

स्तंभात भरण्यासाठी गोळ्या हव्या असतील तर दाबताना पृष्ठफळ घटते, हे हिशेबात धरावे. खरेदीपूर्वी त्याच खेपेत बनलेल्या पुडीचा एक्स-रे विवर्तन आलेख आणि नायट्रोजन अधिशोषणाची मोजणी मागावी. मोठ्या बाटलीऐवजी लहान बाटल्या घ्याव्यात आणि उघडलेली बाटली आर्गॉन या निष्क्रिय वायूखाली ठेवावी.