"पट्टी सापडत नाहीये" म्हणणाऱ्याकडून मी रणगाडे घेतले

टेबलावरच्या युद्धखेळासाठी छोट्या रणगाड्यांच्या जुन्या मॉडेल्सचा लॉट घेताय आणि विकणारा म्हणतोय, "वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत, पण मिसळून जातात"? मग त्याला एका टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये विचारा. मी विचारली होती. उत्तर मिळालं नाही, तरी पैसे पाठवले. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मला १९४४ ची सोव्हिएत टँक तुकडी उभी करायची होती, १५ एमएममध्ये (हे काय माप, ते पुढे सांगतो). टी-३४/८५ हवेत, आणि सोबत अमेरिकेकडून मदत म्हणून आलेले एम४ए२ शर्मन रणगाडे. माझ्याकडे दोन कंपन्यांचे मिळून आठ टी-३४ आधीच होते आणि ते टेबलावर छान एकत्र दिसायचे. एकाची तोफेची नळी जरा जाड, दुसऱ्याचा टरेट (वरचा फिरणारा, तोफेचा भाग) थोडा गोलसर, एवढाच फरक. एका प्लाटूनमध्ये एकाच कंपनीचे ठेवले की तोही कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे "मिसळून जातात" हे वाक्य मुळात खरं आहे. विकणाऱ्याने खोटं सांगितलं, पण ते खऱ्या वाक्यात गुंडाळून सांगितलं.

लॉट चोवीस गाड्यांचा. "तीन-चार कंपन्यांचे आहेत दादा, सगळे पंधरा एमएमच. खोकी टाकून दिली." भाव नव्या किटच्या निम्म्याहून कमी. मी पट्टी ठेवून फोटो मागितला. "पट्टी सापडत नाहीये" म्हणाला आणि समोर एक नाणं ठेवून फोटो पाठवला. नाणं कुठलं ते ओळखू येत नव्हतं. कॅमेरा अगदी खाली, टेबलाला टेकलेला, आणि गाड्या तीन रांगांत. मला वाटलं, काय हौसेने फोटो काढलाय! पैसे थेट त्याच्या खात्यात टाकले, कारण "मधल्या कंपनीचं कमिशन कशाला, आपण हौशी माणसं". इथे माझीच चूक. मधल्या व्यवस्थेतून पैसे गेले असते, तर निदान तक्रार करायला जागा राहिली असती.

खोकं आलं. वरवर बघून मीही खूश होतो. सगळ्यांवर एकसारखा हिरवा रंग होता, जाड थराचा. खेळातला माझा जुना भिडू घरी आला होता, त्याने एक शर्मन उचलला, टी-३४ च्या शेजारी ठेवला आणि म्हणाला, "अरे, हे दोघं सारखेच रुंद आहेत."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? शर्मन अरुंद असतो."

मी व्हर्निअर कॅलिपर काढला. टी-३४ प्रत्यक्षात ३ मीटर रुंद. १/१०० स्केलला, म्हणजे खऱ्याच्या शंभराव्या भागाला, ३० मिलिमीटर भरायला हवा, तो भरला. शर्मन प्रत्यक्षात २.६२ मीटर, म्हणजे १/१०० ला २६ च्या आसपास. हातातला शर्मन ३० भरला. २६२० ला ३० ने भागा, ८७ येतात. म्हणजे ही रेल्वे मॉडेलवाल्यांची एचओ स्केल, १/८७. रोको कंपनीच्या मिनिटँक्स, म्हणजे छोटे रणगाडे, याच मापाच्या असतात आणि त्या जागी अगदी बरोबर असतात. पण माझ्या तुकडीत तो शर्मन धिप्पाड दिसत होता. फोटोत दोघं जुळलेले वाटले, ते याच कारणाने. जुळायला नकोच होते.

मग मागच्या रांगेतले टी-३४ काढले. रुंदी ४२ मिलिमीटरला जरा कमी. हे १/७२. लांबच्या रांगेत होते म्हणून कॅमेऱ्याला पुढच्यांएवढे दिसले. १/७२ ची गाडी १/१०० पेक्षा लांबी-रुंदी-उंचीत सुमारे १.४ पट असते, म्हणजे आकारमानात अडीच पटींहून जास्त. शेजारी ठेवल्यावर बाप-लेक वाटत होते. नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर सोडून दिलं असतं. पण आमच्या नियमांत कोण कुणाला दिसतो हे टेबलाला डोळा लावून ठरतं. १/७२ चा टी-३४ एक सेंटिमीटरने जास्त उंच. ज्या टेकाडामागे लहान टँक लपतो तिथे याचा टरेट बाहेर. भिडूने पहिल्याच दिवशी "हे चालणार नाहीत" म्हणून सांगून टाकलं, आणि त्याचं बरोबरच होतं.

नवीन लोक इथेच गोंधळतात. "१५ एमएम" हे माप सैनिकाच्या पुतळ्याचं असतं. तेही कुणी डोळ्यांपर्यंत मोजतं, कुणी डोक्यापर्यंत. गाडीला एमएम लावून काहीच कळत नाही. १५ एमएमसोबत गाड्या साधारण १/१०० च्या चालतात, जसे या कंपन्यांच्या: बॅटलफ्रंट, झ्वेझ्दाची छोटी किट्स, प्लास्टिक सोल्जर कंपनी. २० एमएमला १/७२ किंवा एअरफिक्सची जुनी १/७६. या दोघांत टी-३४ च्या रुंदीला दोनच मिलिमीटरचा फरक, तो खपून जातो. २८ एमएमला १/५६, काही जण १/४८ ही वापरतात. विकणारा नुसतं "पंधरा एमएम" म्हणाला तर त्याला अपूर्णांक विचारा, १/१०० की १/८७ की १/७२.

उरलेल्यांपैकी सहा टी-३४ जेमतेम २९ भरले. मला वाटलं माझंच मोजताना चुकतंय. उलटे केले तर पोट घासून सपाट केलेलं, पॉलिश पेपरचे ओरखडे तसेच. अस्सल मॉडेलला बहुतेक वेळा तिथेच कंपनीचं नाव कोरलेलं असतं. एका टरेटवरचा रंग थिनरने काढला. खाली टाचणीच्या टोकाएवढी भोकं, हवेचे बुडबुडे, रंगाने बुजवलेले. झाकणाची कडी आणि टरेट यांच्यातली फट रेझिनने (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या द्रवाने) भरून गेलेली. म्हणजे कुणाच्या तरी मॉडेलवरून साचा काढून ओतलेल्या नकला. प्रत्येक ओतकामात माल थोडा आकसतो, नकलेवरून नक्कल काढली की आणखी. तो हरवलेला एक मिलिमीटर तिथे गेला. प्लास्टिक किट जोडायचा सिमेंट (गोंद) ही त्यांना लागत नव्हता. तो पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतो, रेझिनला त्याचं काहीच होत नाही. (घासून बघायचं असेल तर पाण्याखाली आणि मास्क लावून. रेझिनची धूळ छातीत जायला नको.)

मी विकणाऱ्याला कॅलिपरसकट फोटो पाठवले. उत्तर आलं: "वेगवेगळ्या कंपन्या म्हटलं की थोडाफार फरक असणारच. मी आधीच सांगितलं होतं." चॅट वर सरकवून पाहिलं तर खरंच सांगितलं होतं. नकलांबद्दल विचारलं आणि ब्लॉक झालो.

चोवीसांतले सात गाडे माझ्या कामाचे निघाले. १/८७ चे शर्मन एका रेल्वे मॉडेलवाल्या मित्राला दिले. त्याच्या मालगाडीच्या सपाट डब्यांवर ते शोभून दिसतात. बदल्यात त्याने झाडं दिली. १/७२ वाले भाच्याने नेले. नकला मी कुणाला विकणार नाही. त्यांचे टरेट वाकडे करून, काजळी फासून जळालेले सांगाडे केलेत. सांगाड्याचा एक मिलिमीटर कोण मोजतंय?

मागच्या आठवड्यात विक्रीच्या एका गटात तोच फोटो पुन्हा दिसला. खाली धरलेला कॅमेरा, तीन रांगा, तेच नाणं. विकणाऱ्याचं नाव मात्र वेगळं. मी खाली एवढंच लिहिलं, "पुढच्या शर्मनची रुंदी किती मिलिमीटर भरते?" तासाभरात माझा प्रश्न काढून टाकला होता. फोटो अजून तिथेच आहे.