तेराव्या वर्षी बीएमआय: मोठ्यांचा तक्ता की वाढीचा आलेख?

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा. मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी सूत्र एकच: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. फरक पडतो तो उत्तर कशाशी ताडून बघता यात.

तेरा वर्षांची मुलगी, उंची १५० सेंटीमीटर, वजन ३८ किलो. बीएमआय साधारण १६.९. मोबाइलवरचं मोठ्यांसाठीचं कॅल्क्युलेटर लगेच सांगतं, वजन कमी, कारण त्याची खालची रेषा १८.५ वर आहे. घरात काळजी सुरू, ताटात जबरदस्तीचं तूप! तोच आकडा तिच्या वयाच्या मुलींच्या आलेखावर ठेवला तर तो निरोगी पट्ट्यात बसतो.

उलटंही होतं, आणि ते मला जास्त घातक वाटतं. बारा वर्षांचा मुलगा, तेवढीच उंची, वजन ५० किलो: बीएमआय साधारण २२. मोठ्यांच्या तक्त्यात अगदी उत्तम, पण त्याच्या वयाला हे जास्त वजन आहे.

वयात येताना मुलींच्या अंगावर चरबी वाढते, मुलांचे स्नायू भरतात. म्हणून आलेख वेगवेगळे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५चे आलेख ५ ते १८ वर्षांसाठी आहेत. मी तेच वापरा म्हणेन, आणि दर सहा महिन्यांनी नवा ठिपका मांडा. एकट्या ठिपक्यावरून मुलीला ‘जाडी’ किंवा ‘काडी’ म्हणू नका.