पिगीबॅक की स्टँडअलोन: टर्बो बसवलेल्या गाडीसाठी कोणता ईसीयू?

इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींपैकी जे गाडीला टर्बो बसवून घेतात, त्यांच्यापुढे ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, प्रश्न लगेच उभा राहतो. पिगीबॅक, म्हणजे जोडीला बसवलेले छोटे उपकरण, मूळ ईसीयू जागेवरच ठेवतो आणि सेन्सरकडून येणारा सिग्नल वाटेत बदलतो. त्यामुळे एसी, इमोबिलायझर, मीटर सारे पूर्ववत चालते आणि खर्चही आटोक्यात राहतो. अडचण अशी, की ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे मूळ ईसीयू स्वतःची दुरुस्ती करत राहतो आणि नीट जुळवलेले हवा-इंधन मिश्रण कालांतराने पुन्हा सरकू शकते.

हॅल्टेक किंवा लिंक या कंपन्यांचा स्टँडअलोन, म्हणजे मूळ ईसीयूऐवजी बसवलेला स्वतंत्र ईसीयू इंधन आणि इग्निशन दोन्ही स्वतःच्या ताब्यात घेतो. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचे आदर्श हवा-इंधन प्रमाण साध्या पेट्रोलसारखे १४.७ नसून सुमारे १३.५ असते, म्हणून मॅप (इंधन-इग्निशनचा तक्ता) वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरवर लॅम्बडा, म्हणजे आदर्श प्रमाणाच्या तुलनेतले मिश्रण, पाहूनच लिहावा. वायरिंग आणि डायनोवरचे (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे) ट्यूनिंग यांचा खर्च मात्र आधीच धरावा.

माझ्या मते बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) माफक आणि इंजेक्टर मूळचेच असतील तर पिगीबॅक पुरे. इंजेक्टर मोठे बसवले की स्टँडअलोनच घ्यावा, आणि मे महिन्यात, पारा ४० अंशांपुढे असताना, इनटेक (इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या) तापमानानुसार इग्निशन टायमिंग मागे घेणारा तक्ता भरल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये.