कोपऱ्यातलं निळं बटण की मुळातून दुरुस्ती?

पतसंस्थेची किंवा कॉलेजची वेबसाइट दिव्यांगांना वापरता यावी असं ठरलं, की साधारण दोन तऱ्हेची कोटेशनं येतात. एकात साइटच्या कोपऱ्यात निळ्या गोलातला माणूस, म्हणजे ‘विजेट’ नावाचं तयार बटण, बसवून देतात. कोडची एक ओळ, संध्याकाळपर्यंत काम फत्ते, पुढे दरवर्षी वर्गणी. दुसऱ्यात एकेक पान उघडून दुरुस्त करतात. त्याला वेळ लागतो आणि आकडाही मोठा असतो. मी दुसऱ्याच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

विजेट अक्षर मोठं करतं, रंग उलटे करतं, मजकूर वाचून दाखवतं. पण ज्याला दिसत नाही, तो तुमच्या साइटवर येतो तोच स्क्रीन रीडर, म्हणजे पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम, चालू ठेवून: कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, मोबाइलवर टॉकबॅक. नाहीतर ते निळं बटण त्याला सापडणार कसं? वाचून दाखवणारा त्याच्याकडे आधीच आहे, आणि एनव्हीडीए तर फुकट मिळतं.

त्याचं अडतं कुठे, ते कर्जाच्या अर्जावर बघा. पडद्यावर ‘संपूर्ण नाव’, ‘खाते क्रमांक’, ‘मोबाइल’ असं व्यवस्थित लिहिलंय, पण कोडमध्ये ती नावं चौकटींना जोडलेलीच नाहीत. टॅब दाबत गेलं की ऐकू येतं: ‘एडिट, ब्लँक’. ‘एडिट, ब्लँक’. ‘एडिट, ब्लँक’. शेवटी नुसतं ‘बटन’. अर्ज पाठवायचं की पुसायचं, देव जाणे. काही विजेटं अंदाजाने नावं लावतात. अंदाज चुकला तर खाते क्रमांकाच्या जागी मोबाइल नंबर जातो. हाताने लेबल जोडणं म्हणजे चौकटीमागे एखाद्या ओळीचं काम.

मराठी साइटची दुखणी आणखी वेगळी. जुना मजकूर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर डोळ्यांना ‘मराठी’ दिसतं, पण आत ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं असतात आणि स्क्रीन रीडर तीच बडबडतो. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं असतील अशा रूपात, आणल्याशिवाय गत्यंतर नाही. पानाची भाषा कोडमध्ये इंग्रजी लिहिलेली असेल, तर इंग्रजी आवाज मराठीचं वाटोळं करतो. सूचना म्हणजे शिक्का मारून स्कॅन केलेली पीडीएफ असेल, तर स्क्रीन रीडरच्या लेखी ते नुसतं चित्र. यातलं काहीही विजेटच्या भरवशावर सोडू नका.

रंगाचंही तेच. साध्या अक्षरांना पार्श्वभूमीशी निदान ४.५ : १ एवढा विरोध (कॉन्ट्रास्ट) लागतो. झेंड्याच्या केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं टाकली, की तो जेमतेम २ : १ भरतो. विजेटमधून रंग बदलता येतात हे खरं, पण आजोबांनी आधी ते बटण हुडकायचं, मग व्याजदर वाचायचा! (‘फक्त मजकूर’ अशी वेगळी साइट हा तिसरा मार्गही कुणी सुचवेल. दोन महिन्यांत ती शिळी होते.)

‘विजेट लावलं की कायद्याची कटकट मिटली’ असं सांगणाऱ्यापासून सावध. एआयच्या जोरावर कुठलीही साइट दिव्यांगांसाठीच्या निकषांत बसवून देतो, असा दावा करणाऱ्या ॲक्सेसीबी कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहेच. शिवाय ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पटवण्याच्या) प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

पैसे कमी असतील तर सगळी साइट एकदम दुरुस्तीला काढू नका. लोक जिथे खरोखर काम करतात ती तीन-चार पानं आधी घ्या: लॉगिन, अर्ज, पैसे भरणं, संपर्क. जुने अहवाल नंतर. विजेट लावायचंच असेल तर त्यानंतर, आणि ते स्क्रीन रीडरच्या आड येत नाही ना, हे एखाद्या दृष्टिहीन खातेदाराकडून तपासून घेऊन.

दोन्ही कोटेशनवाल्यांना एकदा ऑफिसात बोलवा. मॉनिटर बंद करा, माउस काढून घ्या, एनव्हीडीए लावून द्या आणि तुमचाच अर्ज भरायला सांगा.