मेटलच्या वेष्टणात साधी कॅसेट: म्हापशाला जाणार असाल तर वाचा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनं सामान विकणाऱ्या एकाकडे सीलबंद कोऱ्या 'मेटल' कॅसेट आहेत, नग आठशे रुपये. आमच्या फोंड्याच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करायचं होतं, म्हणून पाच घेतल्या. "जपानी माल आसा बाब, काळजी करूं नाका," हे वर. पाचही साध्या फेरिक, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा लेप असलेल्या, निघाल्या.

फीत सगळ्यांची ३.८१ मिमी रुंदच, फरक लेपाचा. टाइप १ म्हणजे लोहाचा ऑक्साइड, टाइप २ क्रोम किंवा तिच्या तोडीची कोबाल्टवाली, टाइप ४ धातूचे कण, म्हणजे मेटल. (टाइप ३ कधीच मागे पडली.) मेटल आता बनत नाही, जुना साठा तेवढा फिरतो. म्हणूनच तिच्या नावावर वाटेल तो भाव लावतात.

ओळखायची ती कॅसेटच्या पाठीवरून, म्हणजे उघड्या फितीच्या विरुद्ध कडेवरून. टाइप १ ला कोपऱ्यांत फक्त रेकॉर्डिंग रोखायच्या चकत्या. टाइप २ ला त्यांच्या शेजारी जादा खाचा. बहुतेक मेटलला त्याशिवाय मधोमध आणखी दोन. माझ्या तीन कॅसेटना या मधल्या खाचा नव्हत्याच. उरलेल्या दोघींत जास्त बेरकीपणा: कवच खरं मेटलचं, आतली फीत बदललेली! स्क्रूंची डोकी पेचकसाने खरवडलेली, फीत तपकिरी. मेटलची सहसा काळपट असते. खाचा बघून डेकने, म्हणजे कॅसेट रेकॉर्डरने, मेटलचा बायस (रेकॉर्डिंग करताना आवाजासोबत फितीला द्यायचा जादा सिग्नल) दिला. फेरिकला तो फार जास्त होतो आणि वरचे सूर उडतात. टाळ गोणपाटात गुंडाळून वाजवल्यासारखे आले.

परत द्यायला गेलो तर म्हणे, "सील फोडलां न्हय, आतां जावचें ना." सील फोडल्याशिवाय खाचा दिसत नाहीत, हीच तर मेख. पण सीलही बोलतं. कंपनीच्या वेष्टणाला बहुधा ओढून फाडायची बारीक पट्टी असते. इथे ती नव्हती, आणि कोपऱ्यांत प्लास्टिक गरम हवेने आकसून गोळा झालेलं. पैसे द्यायच्या आधी एक नग त्याच्याकडूनच फोडून घ्या. काचकूच करू लागला तर सरळ पुढच्या दुकानाकडे वळा.

भजनाला मेटलच हवी असंही काही नाही म्हणा. आमचं रेकॉर्डिंग शेवटी ओळखीच्याकडून आणलेल्या साध्या सी-६० वर, म्हणजे तासाभराच्या कॅसेटवर, डेक नॉर्मलला (टाइप १ ला) ठेवून केलं. टाळ स्वच्छ आलेत.