स्टीडनचा 5 नंबरचा मॅच बॉल: विंगरच्या हातात कसा वागतो?

रग्बी लीगच्या चेंडूची पारख बहुतेक लोक किकच्या जोरावर करतात. चेंडू लांब गेला, पोस्टमधून सरळ गेला, की चांगला. मला ही पारख अपुरी वाटते. चेंडूचा खरा कस लागतो तो विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, कोपऱ्यातल्या शेवटच्या मीटरात.

कडेने पळणाऱ्या विंगरची कारकीर्द ट्रायमध्येच मोजली जाते; ट्राय म्हणजे समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं. केन अर्विनने ऑस्ट्रेलियाच्या फर्स्ट ग्रेडमध्ये, म्हणजे वरच्या पातळीवर, 236 सामन्यांत 212 ट्राय केले, त्यातले 171 नॉर्थ सिडनीसाठी आणि 41 मॅनलीसाठी. एनआरएल या तिथल्या वरच्या लीग स्पर्धेच्या हंगामात सर्वाधिक ट्राय करणाऱ्याला आजही त्याच्याच नावाचं पदक देतात. पण वेग कितीही असला तरी पंच बघतात एकच: इन-गोलमध्ये, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात, चेंडू ताब्यात ठेवून खाली दाबला का? शरीर टच-लाइनच्या बाहेर हवेत असलं तरी चालतं, रेषेला किंवा बाहेरच्या जमिनीला काही लागलं नाही म्हणजे झालं. आतून टॅकल येतो, पाय बाहेर ढकलले जातात आणि चेंडू एका हातात उरतो. अशा वेळी पकड निसटली की चार गुण गेले, वर नॉक-ऑन, म्हणजे चेंडू हातातून पुढे पडल्याची चूक.

या कामाला स्टीडन या ब्रँडचा मॅच बॉल उत्तम आहे. ऑस्ट्रेलियात या नावाशिवाय लीगच्या चेंडूबद्दल बोलणंच होत नाही. लीगचा चेंडू रग्बी युनियन या दुसऱ्या रग्बी प्रकाराच्या चेंडूपेक्षा थोडा सडपातळ आणि टोकदार असतो. त्यामुळे टोकाच्या मागे, पोट सुरू होतं तिथे तळहात नीट बसतो आणि बोटं वरून आवळता येतात. एका हाताने चेंडू टेकवताना पकड इथेच हवी. पोटाच्या मध्यावर हात ठेवला तर जमिनीला लागताच चेंडू हाताखालून फिरतो. हळू गतीच्या व्हिडिओत फेटाळले जाणारे बरेच ट्राय असेच गेलेले दिसतात.

नवा चेंडू खोक्यातून काढून थेट सामन्यात नेऊ नये. वरच्या आवरणावर गुळगुळीतपणा असतो. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने तो दोनदा पुसायचा, सावलीत वाळवायचा, मग एखादं सत्र फक्त पासिंगला वापरायचा. आवरणावरच्या बारीक दाण्यांची पकड त्यानंतर जाणवते.

हवेचा दाब हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. वॉल्व्हजवळ छापलेला आकडा पाळा. 5 नंबरच्या चेंडूंवर तो साधारण 8 ते 10 पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं एकक) दरम्यान असतो. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नका, गेज वापरा. हवा जास्त झाली की उंच किक छातीवर आदळून उसळते आणि एका हातात चेंडू मावत नाही. कमी झाली की पकड छान वाटते, पण किक मेल्यासारखी पडते आणि लांब पास डगमगत जातो. तापमान 10 अंशांनी उतरलं की दाब जवळजवळ पाऊण पीएसआयने घटतो. म्हणून दुपारी उन्हात भरलेला चेंडू रात्रीच्या सामन्याआधी पुन्हा मोजायलाच हवा. सुई ग्लिसरीनने ओली करून सरळ आत घालायची. कोरडी किंवा तिरकी घातली तर वॉल्व्ह आत ढकलला जातो आणि चेंडू कायमचा गळका होतो.

दवाचं काय? टाउन्सव्हिल किंवा ब्रिस्बेनच्या दमट संध्याकाळी कुठलाही कृत्रिम आवरणाचा चेंडू निसरडा होतो, हाही त्याला अपवाद नाही. फरक इतकाच की दाणे शाबूत असतील तर पुसल्यावर पकड परत येते. चामड्याच्या जुन्या चेंडूंचं तसं नव्हतं. चामडं पाणी प्यायचं आणि सामना संपेपर्यंत चेंडू जड व्हायचा. जुन्या काळचे विंगर ब्रायन बेव्हनचे 796 आणि बिली बॉस्टनचे 571 ट्राय वाचताना हे लक्षात ठेवायला हवं: ते बहुतेक इंग्लंडच्या हिवाळी चिखलात झाले, कारण तिथली वरची लीग उन्हाळ्यात आली ती 1996 मध्ये. रग्बी लीगमधला पहिला ‘सर’ होण्याचा मान बॉस्टनला मिळायला 2025 उजाडावं लागलं, ही मात्र फारच उशिराची दखल.

उंच किक झेलण्याच्या सरावाला हाच चेंडू घ्या. हात डोळ्यांच्या उंचीवर, कोपरं एकमेकांजवळ आणि खांदा अर्धा वळवलेला. खांदा वळवण्याचं कारण साधं आहे: चेंडू निसटलाच तर मागे पडतो, नॉक-ऑन होत नाही. रबरी ट्रेनिंग बॉलवर हा सराव केला की हाताला चुकीची सवय लागते, कारण त्याची उसळी वेगळी आणि आवरण कडक असतं. टॅकल आणि प्ले-द-बॉलच्या (टॅकलनंतर उठून चेंडू पायाने मागे देण्याच्या) रोजच्या घासाघाशीला मात्र ट्रेनिंग बॉलच बरा. आठवड्याच्या शेवटच्या सत्रात बॅक-थ्री, म्हणजे दोन्ही विंगर आणि फुलबॅक, यांच्या हाती मॅच बॉल द्यावा.

विकत घेताना चेंडू सपाट जमिनीवर लांबीच्या अक्षावर लोळवून बघा. डगमगला तर पॅनेल सारखे बसलेले नाहीत, तो परत करा. शिवण बोटाने तपासा. दोन पॅनेलमध्ये उंचवटा लागला तर झिज तिथूनच सुरू होणार. मग पूर्ण हवा भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी गेज लावा. खोलीचं तापमान तेच असताना दाब लक्षात येण्याइतका उतरला असेल तर वॉल्व्ह किंवा ब्लॅडर सदोष आहे.

डांबरावर किंवा सिमेंटवर हा चेंडू वापरणं म्हणजे पैसे घासून टाकणं. दाणे सगळ्यात आधी टोकांजवळ झिजतात, म्हणजे नेमके विंगरला हवे असतात तिथेच. धुताना सौम्य साबण आणि मऊ ब्रश वापरा, उन्हात वाळवू नका. टोकाच्या मागच्या भागावर बोट फिरवल्यावर दाणे लागेनासे झाले की तो चेंडू किकिंगच्या सरावाला द्या, बाकी दिसायला कितीही नवा असो.

लहान मुलांसाठी 5 नंबर घेऊ नका. अगदी छोट्यांना 3, त्यांच्यापेक्षा मोठ्यांना 4, आणि नेमक्या वयोगटासाठी आपल्या स्पर्धेचा नियम बघा. हात पुरत नसताना मोठा चेंडू दिला तर मूल तो पोटाशी कवटाळून पळायला शिकतं आणि पुढे एका हाताने टेकवायची वेळ आली की अडतं.