कोकणच्या सागरी मार्गासाठी सायकलचा टायर : २८, ३८ की ५०?

अलिबाग, मुरूड, दिवेआगर, दापोली, गुहागर असा किनारा धरून गोव्याकडे जायचं तर एकाच दिवसात गुळगुळीत डांबर, उखडलेली खडी, जेट्टीकडे उतरणारा काँक्रीटचा उतार आणि जांभ्याची लाल माती असं सगळं भेटतं. त्यामुळे टायरची रुंदी यातल्या सगळ्यात वाईट पट्ट्यावर, तेही सामान लादून, कसं निभेल हे बघून ठरवावी.

२८ मिमीचा टायर हायवेला झकास. पण पॅनियर (कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या) लावले की मागच्या चाकात ८० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं एकक) आसपास हवा भरावी लागते आणि खडीवर मनगटं बधिर होतात. हवा कमी केली, तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चेपून दोन समांतर चिरा पडतात. सामान फक्त सीटमागच्या पिशवीपुरतं असेल आणि आतल्या रस्त्यांना जायचंच नसेल, तरच हा घ्यावा.

माझं मत ३५ ते ४० मिमीला. मागे ५०–६० पीएसआय, पुढे पाच-सात कमी. रुंद टायर जड चालतो म्हणतात, ते अर्धंच खरं. दाब सारखा असेल तर रुंद टायरचा जमिनीला टेकणारा भाग आखूड आणि पसरट असतो, रबर कमी वाकतं आणि चाक उलट हलकंच फिरतं. प्रत्यक्षात आपण हवा कमी ठेवतो, म्हणून चांगल्या डांबरावर हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. खडबडीत रस्त्यावर मात्र रुंद टायर सरळ पुढे निघतो. बारीक खडे तो पोटात घेतो, दर खड्यागणिक सायकल आणि स्वार उचलले जात नाहीत.

५० मिमी कच्च्या रस्त्याला उत्तम, घाटात वजन जाणवतं. घरात एमटीबी (माउंटन बाइक) असेल तर नवी सायकल कशाला? गाठींचे टायर काढून दोन इंची गुळगुळीत टायर चढवा, ३०–४० पीएसआय ठेवा, निघा. (बाभळीच्या काट्याला रुंदीशी देणंघेणं नाही; त्यासाठी टायरमध्ये पंक्चररोधक पट्टा हवा.)

खरेदीआधी फ्रेम मोजा. कॅलिपर ब्रेकच्या (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारा ब्रेक) बऱ्याच रोड बाइकमध्ये २८च्या पुढे काही मावत नाही. पावसाळ्यात लाल चिखल अडकतो, म्हणून दोन्ही बाजूंना पाच-सहा मिमी मोकळे हवेतच.

७०० सी (रोड आणि टूरिंग सायकलच्या चाकाचं माप) ट्यूब तालुक्याच्या दुकानात मिळेलच असं नाही, दोन बरोबर ठेवा. साध्या काळ्या सायकलचा २८ इंची टायर ७०० सी रिमवर बसत नाही, रिमवर बसणाऱ्या त्याच्या कडेचा व्यास ६३५ मिमी, आपल्याचा ६२२. तिची ट्यूब मात्र ३८च्या टायरमध्ये अडीअडचणीला चालून जाते, रिमचं भोक जाड व्हॉल्व्हचं (हवा भरायच्या नळीचं) असेल तर.